भोंगऱ्याच्या बाजारात कचेरीचे टेबल मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. सातपुड्यातल्या आदिवासींपर्यंत योजना पोहोचत नाहीत, आणि कारण म्हणून खाली लिहिलेले असते 'जनजागृतीचा अभाव'. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात कुणालाही विचारून पाहा. पोराच्या वसतिगृहाला जमातीचा दाखला लागतो, पीक कर्जाला उतारा लागतो, रेशनला अंगठा लागतो, हे त्याला तोंडपाठ असते. घोडे अडते ते दुसरीकडे. कचेरीत त्याचे काम निघते तेव्हा तो गुजरातेत उसाच्या फडात असतो, आणि तो गावी येतो तेव्हा कचेरीत 'मार्च एंड' चालू असतो. म्हणून आमची सूचना अशी की होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, सगळे गावी असतात तेव्हा, कचेरीनेच टेबल मांडून बसावे. का, ते पुढे सांगतो.

गरिबी, जन्म आणि राहण्याची जागा मिळून माणसाची कमाई कशी ठरवतात, यावर अमेरिकेत बरेच काम झाले आहे. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले की सारख्या उत्पन्नाच्या घरांत, एकाच वस्तीत वाढलेल्या मुलग्यांतही काळा मुलगा मोठेपणी गोऱ्यापेक्षा कमी कमावतो, आणि हे तिथल्या जवळजवळ सगळ्या वस्त्यांत आढळते. त्याआधी १९९४ ते १९९८ या काळात तिथल्या पाच शहरांत गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत राहायला भाड्याची मदत दिली गेली. जी मुले तेरा वर्षांची होण्याआधी तिथे राहायला गेली, त्यांची तरुणपणीची कमाई मागे राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तिथला वंश म्हणजे आपली जात-जमात, असे समीकरण आम्ही मांडत नाही. पण तेरा वर्षांच्या आत जागा बदलणारी मुले आपल्याकडेही आहेत. ती दरवर्षी दिवाळीनंतर आईबापासोबत टेम्पोत बसून उसाच्या पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, जातात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत ६९ टक्के अनुसूचित जमातींचा होता. साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी, राज्याची ८२.३. हे आकडे सगळ्यांना माहीत आहेत म्हणून पुढे जातो. आकड्यांच्या खाली वर्ष कसे चालते ते सांगणे जास्त गरजेचे आहे.

पावसाळ्यात डोंगरउतारावरची ज्वारी, मका, भगर. ती खळ्यात आली, दिवाळी झाली, की मुकादम पाड्यावर येतो. त्याने उचल बहुतेक वेळा आधीच दिलेली असते, पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा नसतो तेव्हा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेब असा. समजा उचल ३० हजार रुपये. दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या अनेक टोळ्यांत ती दीडपटीने फेडायची रीत आहे, म्हणजे ४५ हजार. समजा तोडीचा दर टनाला ४०० रुपये आणि जोडी दिवसाला एक टन तोडते. (दर हंगामागणिक बदलतो, हिशेबाची रीत बदलत नाही.) तर सुमारे ११२ दिवस केवळ उचल फेडण्यात जातात. पडावावर मिळणारी खावटी, म्हणजे पंधरवड्याचे धान्य आणि किरकोळ रोकड, वेगळी मांडली जाते आणि तीही शेवटी कापली जाते. हंगाम साधारण दीडशे दिवसांचा. एक जण आजारी पडला की कोयता बसतो, बाई बाळंत झाली की बसतो, गाडी वेळेवर आली नाही तरी बसतो. हिशेब मिटत नाही आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते.

या हिशेबात ३० हजारांवर पाच-सहा महिन्यांत १५ हजार रुपये गेले. त्याच माणसाकडे एक हेक्टरचा वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद, असेल तर त्याला बँकेचे पीक कर्ज मिळायला हवे. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. म्हणजे त्याच तालुक्यात, त्याच महिन्यात ३० हजार रुपयांची किंमत एका माणसाला शून्य पडते आणि दुसऱ्याला १५ हजार. दोघांत फरक कष्टाचा नाही, अकलेचा तर नाहीच. एकाचा कागद पुरा आहे, दुसऱ्याचा अर्धा.

अर्धा कागद कसा असतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण बातम्यांत हे येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, कसणाऱ्याच्या नावे करायची आहे. पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावे तो असायला हवा. बँकेतला बाबू म्हणतो, जे विकता येत नाही ते आम्ही तारण कसे घेऊ? प्रश्न रास्त वाटतो, पण गैरलागू आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेती कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली आहे. एक-दीड हेक्टर ज्वारी-मक्याचे कर्ज त्याच्या आतच बसते, तारण मागायचेच कारण नाही. शाखेत हे नम्रपणे पण लेखी विचारा. 'तारणाअभावी नामंजूर' असे कागदावर लिहून द्या म्हटले की बऱ्याचदा अर्ज पुढे सरकतो.

तरीही कर्ज अडते, ते पुढच्या कारणांनी. पट्टा वारलेल्या बापाच्या नावे आहे आणि तीन भावांनी वारस लावलेला नाही. पट्ट्यावर नाव 'रुमा', आधारवर 'रूमाभाई'. मोजणीत दाखवलेले क्षेत्र कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी, आणि सोबत नकाशाच नाही. किंवा बापाच्या नावची विकास सोसायटीची जुनी थकबाकी. यातले एकेक काम एका दिवसाचे आहे. पण तो एक दिवस म्हणजे पाड्यावरून पायी रस्त्यापर्यंत, तिथून जीप, मग घाट उतरून तालुका किंवा प्रांत कचेरी. साहेब दौऱ्यावर, परत या. दोन माणसांचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी. पावसात चांदसैली घाटात दरड आली की तेही नाही. नंदुरबार शहरातल्या माणसाला हाच कागद चहाच्या वेळात मिळतो.

वनहक्काचा दावा नामंजूर झाला असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, नामंजुरी लेखी कळवली का. वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस मिळतात. निकाल जर जानेवारीत पाड्यावर आला आणि माणूस पडावावर असेल, तर होळीला घरी आल्यावर त्याला कळते, तोवर मुदत सरलेली असते. उशीर माफ करण्याचा विनंती अर्ज सोबत जोडावा आणि स्थलांतराचे कारण स्पष्ट लिहावे. दुसरी, पुरावा म्हणून वनखात्याच्या दंडाच्या पावत्याच मागितल्या का. नियमात तसे नाही. शेताचे बांध, सपाटीकरण, घर, विहीर या खुणा चालतात, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत, इतकेच.

आता ग्रामसभेकडे या. वनहक्कासाठी गावातल्या निम्म्या प्रौढांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आपल्याकडे ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या तारखेला अर्धा पाडा गुजरातेत बार्डोलीकडे, दुसरीलाही होळी करून परत गेलेले बरेच जण आलेले नसतात. कोरम भरत नाही, ठराव होत नाही, आणि अहवालात लिहिले जाते 'ग्रामस्थांचा प्रतिसाद अल्प'. ग्रामसभा या चारच तारखांना घ्या असे कायदा म्हणत नाही. विशेष ग्रामसभा होळीच्या दुसऱ्या दिवशी बोलवली तर कोरमची चिंता उरणार नाही, हे ग्रामसेवकालाही माहीत असते.

जमातीच्या दाखल्याचे दुखणे वेगळे आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, म्हणजे आजोबा-पणजोबांचा पुरावा मागतात. सातपुड्यातल्या बहुतेक पाड्यांवर तेव्हा शाळाच नव्हती. वनगावांना महसुली दर्जाही फार उशिरा मिळाला, त्यामुळे जुने सातबारे नाहीत. मग शोधायचे काय? गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. जवळच्या मोठ्या गावच्या जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आणि सगळ्यात सोपे म्हणजे भाऊबंदकीत कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे का ते पाहणे. चुलता शिक्षक असतो, चुलत भाऊ पोलिसात असतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्याची वैधता आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ एवढ्यावर बरेच प्रस्ताव मार्गी लागतात. मामाची वैधता चालत नाही. दरवर्षी कितीतरी जण तीच जोडतात. रूढी-परंपरांचे प्रश्न विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही काही अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले आहे. जमातीचा दाखला पडताळणाऱ्या समितीपुढे जाताना हे लक्षात असू द्यावे.

लिहिणाऱ्याच्या चुकीने अडणारेही खूप. जुन्या रजिस्टरात कुठे 'हिंदू भिल', कुठे 'भिल्ल', कुठे नुसते 'वसावे'. राज्याच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच तडवी भिल, भिलाला, पावरा, वसावा, वसावे ही नावे आहेत, हे टेबलावर दाखवावे लागते. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरच्या तडवी भिल्लांच्या आजोबांपुढे 'मुसलमान' लिहिलेले दिसले की कारकून थबकतो. धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही. एवढे एक वाक्य ठाऊक नसल्याने मुलीचे नर्सिंगचे वर्ष वाया जाते.

यावल-रावेरचा विषय निघालाच आहे तर जागेबद्दल एक गोष्ट. पाऊस पडतो सातपुड्यावर, आणि तो मुरतो पायथ्याच्या बझाड्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूच्या थरात. तिथल्या बोअरवर खालची केळी उभी आहे, भौगोलिक मानांकन मिळवलेली. केळी काढायला, गाडी भरायला वरूनच पावरा-भिल मजूर उतरतो. केळीवाल्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांचेही वादळात आणि भावात हाल होतात. पण पाणी वरचे, मजूर वरचा आणि बाग खालची, हे एकदा नकाशावर बोट ठेवून बघावे.

सपाटीवरच्या भिल्लांची गोष्ट तर कुणी मोजतच नाही. अमळनेर, पाचोरा, चाळीसगाव, शिंदखेडा इकडे गावाबाहेर भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, असते. तिथला माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकाकडे वर्षाच्या कामाचे साल धरतो, पुढच्या आखाजीला सोडतो. सालदारकीत उचल, धान्य, आजारपण सगळे मालकाच्या वहीत. तो जमातीने भिल्लच, पण अनुसूचित क्षेत्राच्या रेषेबाहेर राहतो. ती रेषा जळगावात चोपडा, यावल, रावेरच्या काही भागापुरती आहे. म्हणून पेसा कायद्याची, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातली जादा अधिकारांची, ग्रामसभा त्याला नाही, त्या क्षेत्रातल्या स्थानिकांसाठीच्या नोकरभरतीत तो बसत नाही, आणि कसायला वनजमीनही नाही. घर गायरानात किंवा कुणाच्या तरी नावच्या जागेत. शबरी घरकुलाला पात्र ठरतो, पण जागेचा उतारा नसल्याने मागे पडतो. जागा खरेदीला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. मात्र भिलाटीजवळ त्याला जागा विकायला कोण तयार होतो, हे त्या त्या गावाने स्वतःला विचारावे. साधे सोपे उत्तर आमच्याकडे नाही.

रेशनचा प्रश्न त्या मानाने सुटण्यासारखा आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कार्ड चालण्याची सोय ऑगस्ट २०१९ पासून आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, दोन्ही मोफत. म्हणजे पडावाजवळच्या दुकानातून धान्य उचलता येते आणि मुकादमाच्या खावटीचे ओझे हलके होते. होत नाही, कारण अंगठा उमटत नाही. ऊस सोलून, पाचटाने चरे पडून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. दुकानात बाई अंगठा पदराला पुसते, केसांतून फिरवते, पुन्हा यंत्रावर दाबते. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला की मागची रांग कुरकुरते आणि ती बाजूला होते. डोळ्यांची नोंद किंवा मोबाईलवर येणारा क्रमांक हे पर्याय आहेत, पण त्यासाठी मोबाईल आधारला जोडलेला हवा, आणि सिम दर वर्षी बदललेले असते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसेच नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अद्ययावत केले नाहीत तर केवायसी अडते आणि त्या पोराचे ५ किलो थांबायची वेळ येते. टोळी निघण्याआधी हे करून घेतले तर हंगामभर उपयोग होतो, निघाल्यावर काही उपयोग नाही.

शिष्यवृत्तीतही तेच. अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, तो पंधरा दिवसांत मिळायला हवा. अर्जाची पावती घेतली तरच मुदत मोजली जाते आणि अपील करता येते. पैसे महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, मंजूर दिसतात आणि खात्यात येत नाहीत, कारण आधार शेवटचे ज्या खात्याला जोडले तिथे ते जातात. ते खाते बहुधा कुणीतरी बाजारात सिमसोबत उघडून दिलेले मोबाईल पेमेंटचे असते. बँकेत जाऊन आधार जोडणी बदलून घ्यायची, एवढेच काम. विद्यार्थी नाशिकच्या वसतिगृहात, खाते धडगावला.

आता मूळ सूचनेकडे. सातपुड्यातला माणूस वर्षात कुठेही असो, होळीला घरी येतो. मुकादमालाही ते अडवता येत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, आणि त्या दिवशी पाडेच्या पाडे धडगावसारख्या बाजाराच्या गावी उतरतात. नवे कपडे, चांदी, गुळ-डाळ्या, ढोल. भाऊबंद, साक्षीदार, वडीलधारे, ज्यांच्या सह्या-अंगठे लागतात ते सगळे एका मैदानात. आज त्या बाजारात बंदोबस्ताला पोलीस असतात, मोबाईल कंपन्यांचे तंबू असतात. महसूल खात्याचे टेबल मात्र नसते. मार्चअखेरचे कारण आम्हाला माहीत आहे. पण त्या आठवड्यात नायब तहसीलदार, एक तलाठी, वनहक्काचा एक कारकून, एका बँकेचा माणूस आणि आधारचे एक यंत्र, एवढे बसले तरी पुष्कळ होईल. दुसरी फेरी नवरात्राआधी, टोळ्या ठरण्यापूर्वी. कर्जाचे पैसे खरिपात वेळेवर हातात पडले तर काही जण तरी पावसाळ्यात उचल घेणार नाहीत.

काय न्यावे तेही लिहितो, म्हणजे पहिलाच दिवस वाया जाणार नाही. त्या गटातल्या गावांचे मंजूर वनपट्टे आणि नामंजूर दावे यांची छापील यादी, पाडानिहाय. कोतवाल बुकाच्या नोंदींच्या आधीच काढलेल्या प्रती. वारस नोंदीचे कोरे अर्ज, दोनशे तरी. डोळ्यांची नोंद घेणारे यंत्र, नुसते अंगठ्याचे नको. बॅटरी आणि प्रिंटर. रेंज जाणारच, म्हणून अर्ज कागदावर घेऊन तारखेची पावती द्यावी आणि भरणा संध्याकाळी तालुक्याला करावा. भिली आणि पावरी बोलणारा एक माणूस टेबलाच्या या बाजूला, रांगेत नव्हे. आणि ज्यांचे काम त्या दिवशी होणार नाही त्यांना 'नंतर या' न सांगता कुठला कागद कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. ती चिठ्ठी माणूस पडावावरही जपून नेतो, पुढच्या भोंगऱ्याला परत आणतो.

आपले,
बाजारांत अर्ज-कागद भरून देणारे काही वाचक,
धडगाव–तळोदा, जि. नंदुरबार